जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान

विद्यार्थीमित्रहो, आपण शाळेत ज्यांची चरित्रे वाचतो ते पुरुष बहुधा आपल्या पक्षाचे, आपल्या अभिमानाचे विषय असतात. त्यांचे गुण सांगताना आपली वाणी सहजच फुलते. परंतु ज्याने आपल्या पूर्वजांशी जन्मभर वैर केले, त्याचे चरित्र निर्विकार मनाने वाचणे ही इतिहासाच्या अभ्यासातील मोठी कसोटी होय. शत्रूचे शौर्य नाकारणे हा अन्याय आणि त्याचे क्रौर्य झाकणे हाही अन्यायच. या दोन्ही अन्यायांपासून दूर राहून एका पुरुषाची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे. तो पुरुष म्हणजे जंजिऱ्याचा सिद्दी कासम, ज्याला इतिहास याकूत खान या किताबाने ओळखतो.

आपले चितेगाव पैठणच्या वाटेवरचे. आपल्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेलाही नसेल. तेव्हा कोकणच्या खाऱ्या पाण्यातील एका किल्लेदाराशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे आणि तो अगदी जवळचा आहे. आज ज्या नगराला आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो, ते पूर्वी औरंगाबाद होते आणि त्याच्याही पूर्वी खडकी होते. १६१० साली ही खडकी निजामशाहीची राजधानी म्हणून वसविणारा मलिकंबर हा जातीचा हबशी होता. आफ्रिकेतील हबसाण देशात जन्मलेला, बालपणी गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला आणि हातोहात फिरत दक्षिणेत आलेला हा मुलगा पुढे दौलतीचा सूत्रधार झाला व मोगलांच्या प्रचंड सैन्याला त्याने वर्षानुवर्षे दाद दिली नाही. १६२६ साली तो मरण पावला. त्याची कबर आपल्या खुलदाबादेस आहे. ज्या हबशी लोकांतून मलिकंबर निपजला, त्याच लोकांतून जंजिऱ्याचे सिद्दी निपजले.

हे लोक येथे आले कसे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. हबसाणातील डोंगराळ मुलखातून मुले पकडून आणावयाची, तांबड्या समुद्रातून अरबस्तानच्या बंदरांत न्यावयाची आणि तेथून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर विकावयाची, असा व्यापार कित्येक शतके चालू होता. दक्षिणेतील सुलतान या गुलामांना लष्करी शिक्षण देत. ज्याला या देशात ना नातलग, ना वतन, त्याची निष्ठा धन्याच्याच ठायी राहील, असा त्यांचा हिशेब असे. शूर व इमानी गुलामाला मोकळीक मिळे, मग जहागीर मिळे आणि तो सरदार बने. कोकणात व दक्षिणेत हे लोक सिद्दी या नावाने ओळखले जाऊ लागले.

आता जंजिऱ्याकडे वळू. रायगड जिल्ह्यात मुरूड गावाच्या दक्षिणेस राजपुरीची खाडी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात एक खडक आहे. अरबी भाषेत बेटाला जझीरा म्हणतात, त्याचेच आपल्या लोकांनी जंजिरा केले. या खडकावर प्रथम कोळी लोकांनी चाच्यांपासून बचाव व्हावा म्हणून लाकडी ओंडके रोवून मेढेकोट उभारला होता. त्यांचा नायक राम पाटील नावाचा होता. निजामशाही सरदाराने व्यापाऱ्याचा वेष घेऊन, मालाच्या पेटाऱ्यांत शिपाई लपवून हा कोट बळकावला, अशी कथा त्या किनाऱ्यावर अजून सांगतात. पुढे लाकडाच्या जागी दगडी तट आला. भरतीच्या वेळी लाटा थेट तटाच्या पायाशी आपटतात, मुख्य दरवाजा दोन बुरुजांच्या आड असल्यामुळे अगदी जवळ गेल्यावाचून दृष्टीस पडत नाही आणि चहूकडे खारे पाणी असता आत गोड्या पाण्याची तळी आहेत. शत्रूने वेढा घातला तरी तहानेने मरण्याचे भय नाही, असा हा दुर्ग होय.

१६३६ साली निजामशाही बुडाली आणि कोकणचा हा भाग विजापूरकरांकडे गेला. सिद्दी तेव्हापासून आदिलशहाचे चाकर झाले. किनाऱ्याची राखण करावी, व्यापारी गलबतांना आणि मक्केच्या यात्रेकरूंना संरक्षण द्यावे, हे त्यांचे काम. नावाने ते चाकर, परंतु आपल्या बेटावर व आसपासच्या मुलखात ते जवळजवळ स्वतंत्रच होते. त्यांच्यात सरदारी नेहमी बापाकडून मुलाकडे जात असे असेही नाही. प्रमुख सिद्दींना जो अधिक योग्य वाटे त्याच्याकडे ती जाई.

अशी बेटांवरील सरदारी जगात इतरत्रही होऊन गेली आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे. नॉर्वेहून समुद्रमार्गे आलेल्या दर्यावर्दी घराण्यांनी मध्ययुगात तेथे सत्ता स्थापिली. त्यांचे अर्ल, म्हणजे सरदार, नॉर्वेच्या राजाचे मांडलिक असत. परंतु त्यांचे सोयरसंबंध व जमिनी स्कॉटलंडातही असत. १३७९ साली हेन्री सिंक्लेअर या स्कॉटिश उमरावाला नॉर्वेच्याच राजाने तेथील अर्ल केले. १४६८ साली डेन्मार्क व नॉर्वे यांच्या राजाने मुलीच्या हुंड्यापोटी ती बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेविली आणि ती पुन्हा कधीच सुटली नाहीत. बेटावरच्या सरदाराचे दैव असेच असते. समुद्र त्याला राखतो, पण दाणागोटा, दारूगोळा व मानमरातब यांसाठी त्याला मोठ्या भूमीवरील कोणातरी राजाचा हात धरावाच लागतो. कोणाचा हात धरावा आणि कधी सोडावा, यातच त्याचे सारे राजकारण असते. सिद्दी कासमच्या चरित्राची सुरुवात नेमक्या अशाच एका प्रसंगाने होते.

छत्रपती शिवाजी महाराजांनी कोकण घेतले तेव्हा जंजिरा त्यांच्या डोळ्यांत सलू लागला. राज्य रायगडावर आणि शत्रू तेथून थोड्याच अंतरावर समुद्रात, अशी ती स्थिती. सिद्द्यांची गलबते खाड्यांतून आत शिरत, गावे जाळीत आणि माणसे धरून नेत. रयतेचे रक्षण हेच ज्याचे ब्रीद, त्या राजाला हे सहन होणे शक्य नव्हते. महाराजांनी आरमार उभारले. खाडीच्या काठावरील दंडा राजपुरी हस्तगत केली आणि १६६९ साली जंजिऱ्याला निकराचा वेढा घातला. किल्ल्यावर त्या वेळी फत्तेखान हा मुख्य होता. रसद तुटली, विजापूरची मदत येईना. महाराजांनी त्याला जहागिरीचे वचन दिले आणि अखेर फत्तेखानाने किल्ला स्वाधीन करण्याचा विचार केला.

त्याच्या हाताखाली तीन सिद्दी होते. संबूल, कासम आणि खैर्यत ही त्यांची नावे. मोगल इतिहासकार खाफी खान सांगतो की, हे तिघेही त्याचे गुलाम होते. किल्ला गेला तर हबशी लोकांना या किनाऱ्यावर उभे राहावयास जागा उरणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी आपसांत मसलत केली, फत्तेखानाला कैद केले आणि किल्ला ताब्यात घेतला. विजापूरचा उपयोग नाही असे पाहून त्यांनी मोगलांकडे संधान बांधिले. औरंगजेबाला महाराजांविरुद्ध समुद्रावर लढणारा कोणीतरी हवाच होता. त्याने तिघांना मनसबी दिल्या, सुरतेच्या उत्पन्नातून आरमाराच्या खर्चाची सोय केली आणि पुढे कासमला याकूत खान हा किताब दिला. याकूत म्हणजे माणिक. गुलामांचा बाजार ज्यांच्या नशिबी आला होता, त्यांतील एकाला बादशहाने रत्नाचे नाव दिले.

याकूत खानाच्या साहसाची खरी ओळख १६७१ सालच्या होळीच्या रात्री झाली. दंडा राजपुरीचा कोट मराठ्यांच्या हाती होता आणि तेथील तोफा जंजिऱ्याला सतावीत होत्या. सणाचा दिवस होता. कोटातील शिपाई दिवसभर रंगले होते आणि रात्री थकून व नशेत झोपी गेले होते. खैर्यत सुमारे ५०० माणसांसह जमिनीच्या बाजूने गेला आणि त्याने मोठा गलका करून हल्ल्याचा देखावा केला. पहारेकरी सारे तिकडे धावले. त्याच वेळी याकूत खान सुमारे ४० तरांड्यांतून माणसे घेऊन अंधारातून समुद्राच्या बाजूने तटाखाली आला. शिड्या लागल्या. कित्येक जण पाण्यात पडले, कित्येक वरून कापले गेले, तरी तो व त्याचे लोक तटावर चढले. इतक्यात कोटातील दारूच्या कोठाराने पेट घेतला. भयंकर स्फोट होऊन कोटाचा अधिकारी व त्याचे शिपाई उडाले आणि सिद्द्यांचीही दहाबारा माणसे मेली. धुराने व आगीने दोन्ही पक्ष दिङ्मूढ झाले असता याकूत खानाने आपली रणगर्जना करून लोकांना धीर दिला आणि कोट जिंकला. त्या रात्री महाराज कित्येक कोस दूर होते. स्फोटाच्या आवाजाने ते झोपेतून जागे झाले आणि दंडा राजपुरीवर काही अरिष्ट आले असावे असे त्यांनी ताडले, अशी हकीकत खाफी खानाने दिली आहे.

येथवर वाचून या पुरुषाच्या धाडसाचे कौतुक वाटेल आणि ते वाटावेही. परंतु यापुढची गोष्टही त्याच खाफी खानाने लिहून ठेविली आहे. दंडा राजपुरीनंतर सिद्द्यांनी आसपासचे सहासात लहान कोट घेतले. त्यांपैकी एक कोट आठवडाभर झुंजला. अखेर अभय मिळाल्यावर आतील सुमारे ७०० माणसे बाहेर आली. याकूत खानाने दिलेले वचन मोडले. पुरुषांना ठार केले, मुलांना व तरुण स्त्रियांना गुलाम केले आणि म्हाताऱ्या बायकांना तेवढे सोडून दिले. ही निंदा कोणा मराठी बखरकाराने केलेली नाही. त्याच्याच पक्षाच्या लेखकाने ही नोंद केली आहे. शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडणे यासारखे दुसरे लांछन शिपाईगिरीला नाही. आणि ज्याची जमात स्वतः गुलामगिरीची बेडी घालून या देशात आली, त्यानेच दुसऱ्यांच्या मुलांच्या पायांत ती बेडी घालावी, ही तर फारच दुःखाची गोष्ट होय.

पुढील वर्षे अखंड झुंजीत गेली. मराठे जंजिऱ्याचा नाद सोडीत ना आणि सिद्दी सावधपणा सोडीत ना. महाराजांनी जंजिऱ्याच्या समोर समुद्रातच कासा नावाच्या बेटावर पद्मदुर्ग बांधिला. १६७६ साली मोरोपंत पिंगळे यांनी तरत्या मोर्चांवर तोफा चढवून जंजिऱ्यावर मारा केला. कोळ्यांचा पुढारी लाय पाटील याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे धाडस याच काळात केले, असे सांगतात. मोरोपंतांच्या वेढ्याच्या वेळी याकूत खान सुरतेहून आरमार घेऊन आला आणि त्याने वेढा उठविला. १६७७ च्या सुमारास संबूलच्या जागी मोगल आरमाराची सरदारी त्याच्याकडे आली आणि जंजिरा खैर्यतकडे राहिला. याकूत खान रात्रंदिवस शस्त्र बांधून तयार असे, नवी गलबते जमवी आणि तटाची डागडुजी करवी, असे त्याचे वर्णन आढळते. मोठा विजय मिळाल्यावर स्वस्थ बसणारे पुष्कळ असतात. हा स्वस्थ बसणारा नव्हता.

१६७९ साली महाराजांनी मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेट घेऊन तेथे तटबंदी सुरू केली. मुंबईचे इंग्रज घाबरले. त्यांनी आपली जहाजे पाठविली आणि पाठोपाठ याकूत खानही आला. तरीही मायनाक भंडारी व त्याचे साथी खांदेरीवरून हलले नाहीत. तेव्हा १६८० च्या आरंभी याकूत खानाने शेजारचे उंदेरी बेट बळकावून त्यावर तोफा चढविल्या. हाकेच्या अंतरावरील दोन बेटे, एकावर मराठे व दुसऱ्यावर सिद्दी, अशी ती विलक्षण स्थिती पुढे पुष्कळ वर्षे राहिली. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात महाराजांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत जंजिरा मिळाला नाही.

छत्रपती संभाजी महाराजांनी वडिलांचे अपुरे काम हाती घेतले. कोंडाजी फर्जंद हा शूर पुरुष फितुरीच्या मिषाने किल्ल्यात शिरला, परंतु बेत फुटला आणि त्याला प्राणास मुकावे लागले. मग महाराजांनी १६८२ च्या सुमारास खाडीत दगड, लाकूड व माती टाकून किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत सेतू बांधण्याचे अचाट काम आरंभिले. समुद्र बुजवून किल्ला घ्यावयाचा, ही कल्पनाच त्यांच्या जिद्दीची साक्ष देते. परंतु मोगल फौज कल्याणच्या बाजूने चालून आली आणि महाराजांना तिकडे जाणे भाग पडले. सेतू अपुरा राहिला. जंजिरा वाचला तो नुसत्या तटामुळे वाचला असे नाही. सुरतेहून येणारी रसद, आतील गोडे पाणी, पावसाळ्यातील खवळलेला समुद्र आणि मराठ्यांवर दुसऱ्या बाजूने पडणारे मोगलांचे दडपण, या साऱ्यांनी मिळून तो वाचविला.

याकूत खानाच्या सामर्थ्याचा कळस १६८९ साली झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी सर जॉन चाइल्ड याने मोगलांशी कलह आरंभून त्यांची जहाजे व धान्याची गलबते पकडली. बादशहाच्या वतीने याकूत खान मुंबईवर चालून गेला. रात्री तो शिवडीस उतरला. माझगावचा कोट इंग्रजांनी तोफांसकट सोडून दिला, माहीमही गेले आणि मुंबईचे इंग्रज आपल्या किल्ल्यात कोंडले गेले. वर्षाहून अधिक काळ हा वेढा चालला. अखेर इंग्रजांना बादशहाकडे वकील पाठवून क्षमा मागावी लागली व दीड लाख रुपये दंड भरावा लागला. १६९० साली चाइल्ड मरण पावला आणि त्याच वर्षी जून महिन्यात, बादशहाची आज्ञा आल्यावर, याकूत खान मुंबई सोडून गेला. पुढे ज्या कंपनीने साऱ्या हिंदुस्थानावर राज्य केले, तिला एका हबशी दर्यासारंगाने एकदा असे दाती तृण धरावयास लाविले होते, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात याकूत खान मरण पावला. राजपुरीजवळ खोकरी गावी सिद्दी सरदारांचे दगडी मकबरे आहेत. तेथे भाऊ म्हणून ओळखले जाणारे याकूत व खैर्यत चिरनिद्रा घेत आहेत. त्याच दशकात, १७०७ साली, त्याचा धनी औरंगजेब अहमदनगरास वारला आणि आपल्या खुलदाबादेस पुरला गेला. त्याच खुलदाबादेत मलिकंबरही आहे. एक हबशी मोगलांशी जन्मभर लढला आणि दुसरा मोगलांसाठी जन्मभर लढला. दोघांच्या कर्तबगारीचे मूळ एकाच दुर्दैवात होते.

जंजिरा पुढेही कोणाला मिळाला नाही. थोरल्या बाजीराव पेशव्यांच्या कारकिर्दीत मराठ्यांनी सिद्द्यांशी मोठे युद्ध केले. १७३६ साली चिमाजी आप्पांनी सिद्दी सात याला रणात मारले आणि सिद्द्यांचा बराच मुलूख गेला, परंतु पाण्यातील किल्ला तसाच राहिला. इंग्रजी अमलात जंजिरा हे लहानसे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. आज तेथे शिडाच्या होडीतून प्रवासी जातात, कलालबांगडी तोफ पाहतात आणि सायंकाळ होण्याच्या आत परततात. ज्या तटावर इतके रक्त सांडले, त्यावर आता झाडे उगवली आहेत.

मग या पुरुषाविषयी आपण काय म्हणावे? तो शूर होता, सावध होता, संकटात डगमगला नाही आणि ज्याचे अन्न खाल्ले त्या बादशहाची चाकरी त्याने अखेरपर्यंत केली. कुळाचा व जन्मभूमीचा आधार नसताना मनुष्य केवळ स्वतःच्या कर्तबगारीवर किती उंच चढू शकतो, याचे तो उदाहरण आहे. कातडीच्या रंगावरून किंवा जन्मावरून कोणाला हीन लेखणाऱ्याने मलिकंबर व याकूत खान यांची चरित्रे अवश्य वाचावीत. परंतु शौर्य हे मनुष्याच्या थोरवीचे अर्धेच माप आहे. सत्ता हाती आल्यावर दुबळ्यांशी तो कसा वागला, हे दुसरे अर्धे माप होय. शिवाजी महाराजांच्या हाती शत्रूच्या स्त्रिया आल्या असता त्यांनी त्यांना सन्मानाने परत पाठविले, म्हणून आजही घरोघरी त्यांचे नाव आदराने घेतात. याकूत खानाने अभय देऊन बाहेर काढलेल्या माणसांचा घात केला, म्हणून त्याचा किल्ला अजिंक्य राहूनही कोकणच्या रयतेच्या मनात त्याला प्रेमाचे स्थान मिळाले नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळ जण उद्या मोठ्या अधिकाराच्या जागी जाल. कित्येक जण गरिबीतून, अपमान सोसून तेथवर पोहोचाल. त्या वेळी मागे वळून पाहावे. आपण जे सोसले तेच दुसऱ्याला सोसावयास लावणारा मनुष्य कितीही उंच चढला, तरी त्याची बेडी तुटली असे म्हणता येत नाही. जे दुःख आपल्या वाट्याला आले, ते निदान आपल्या हातून पुढे जाऊ नये, एवढे ज्याने साधले त्यालाच खरा मुक्त म्हणावे.